पेंड, पिसं, चीजचं पाणी आणि पाण्यातले जड धातू: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रथिनांच्या कचऱ्याने पाण्यातले जड धातू काढता येतात, म्हणजे नेमकं काय करतात?

तेलगिरणीतली पेंड, चीज करताना सुटणारं पाणी, कत्तलखान्यातली पिसं, गिरणीतली वाया गेलेली लोकर या सगळ्यांत प्रथिनं भरपूर असतात. या प्रथिनांना शिसं, पारा, कॅडमियम, तांबं असे धातू चिकटतात. म्हणून कचऱ्यातलं प्रथिन वेगळं काढायचं, त्याला पाण्यात न विरघळणारं रूप द्यायचं आणि दूषित पाणी त्यातून गाळायचं. धातू प्रथिनाला धरून बसतो आणि पाणी पुढे जातं. कल्पना एवढीच आहे. अडचणी सुरू होतात त्या "न विरघळणारं रूप" या शब्दांपासून, आणि पुढचे बरेच प्रश्न त्यांच्याविषयीच आहेत.

प्रथिनाला धातू चिकटतो, यामागचं कारण काय?

प्रथिन ही अमिनो आम्लांची लांबलचक माळ असते. माळेतल्या काही मण्यांवर धातूला धरणाऱ्या जागा असतात. त्यांपैकी सिस्टीनमधलं गंधक, हिस्टिडीनमधलं नायट्रोजनचं कडं आणि ॲस्पार्टिक व ग्लुटामिक आम्लांवरचे कार्बॉक्झिल गट महत्त्वाचे. पारा, शिसं आणि कॅडमियम यांची गंधकाशी विशेष जवळीक आहे. खाणीतही पारा हिंगुळाच्या आणि शिसं गॅलेनाच्या रूपात, म्हणजे गंधकाशी बांधलेलंच सापडतं. डेन्मार्कचे रसायनशास्त्रज्ञ झाइसे यांनी १८३० च्या दशकात गंधक-हायड्रोजन गट असलेल्या संयुगांना "मर्कॅप्टन" हे नाव दिलं. त्या लॅटिन शब्दांचा अर्थच "पारा पकडणारा" असा होतो.

हे ज्ञान प्रयोगशाळेबाहेरही जुनंच आहे. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ तेनार यांनी १८२५ मध्ये वर्गात शिकवताना पाणी समजून रसकापराचं, म्हणजे मर्क्युरिक क्लोराइडचं द्रावण घोटलं. अंड्याचा पांढरा बलक पाजल्यामुळे ते वाचले, कारण पारा शरीरातल्या प्रथिनांपर्यंत पोचण्याआधी बलकातल्या प्रथिनाला चिकटला. (हा केवळ इतिहास आहे. आज कुणाच्या पोटात असं काही गेलं तर घरात उपाय करत बसू नका, थेट रुग्णालय गाठा.) दुसऱ्या महायुद्धात ल्युइसाइट या आर्सेनिकयुक्त विषारी वायूवर उतारा शोधणाऱ्या ऑक्सफर्डच्या गटाला असं दिसलं, की केसातल्या केराटिन या प्रथिनावर प्रक्रिया करून त्यातलं गंधक मोकळं केलं तर आर्सेनिक एकाच वेळी दोन गंधकांना धरून बसतं. त्यावरूनच दोन गंधकांचं डायमरकॅप्रोल हे औषध निघालं.

खरं तर विषबाधा होते तीही याच कारणाने. आपल्या विकरांतल्या (एन्झाइममधल्या) गंधकाला पारा धरतो आणि विकराचं काम बंद पडतं. जपानमध्ये मिनामाता इथल्या पाऱ्याच्या विषबाधेच्या रुग्णांच्या केसांत पारा मोजला गेला, कारण केसातलं केराटिन पारा साठवून ठेवतं. शरीरात जी ओढ घातक ठरते, तीच आपण फिल्टरमध्ये कामाला लावतो आहोत.

शाळेच्या प्रयोगशाळेत हे डोळ्यांनी पाहता येतं. अंड्याच्या पांढऱ्या बलकाच्या पातळ द्रावणात मोरचुदाचं द्रावण घातलं की निळसर पांढरा साका तयार होतो. बलकातल्या प्रथिनाने तांबं धरलं, त्याचाच तो साका.

या विषयावरचं सर्वांत गाजलेलं काम कोणतं?

झुरिकच्या ईटीएच या विद्यापीठातलं. श्रीनाथ बोलिसेट्टी आणि राफाएले मेझेंगा यांनी २०१६ मध्ये व्हेमधल्या प्रथिनापासून केलेला फिल्टर प्रसिद्ध केला. व्हे म्हणजे चीज करताना दूध फाटल्यावर उरतं ते पाणी. त्यातल्या प्रथिनांपैकी निम्म्याच्या आसपास बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन असतं. ते तीव्र आम्लात, सामू (pH) २ च्या आसपास ठेवून, सुमारे ९० अंशांवर काही तास तापवलं की त्याची घडी उलगडते. सुटे झालेले तुकडे एकमेकांना जोडून लांब धागे बनतात. त्यांची जाडी काही नॅनोमीटर आणि लांबी काही मायक्रोमीटर असते. हे धागे सक्रिय कार्बनमध्ये मिसळून त्याचा पातळ पापुद्रा केला आणि त्यातून शिसं, पारा, युरेनियम असलेलं पाणी गाळलं. एका गाळणीत धातूचं प्रमाण हजार ते लाख पटींनी उतरलं.

मला या कामातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हा आकडा वाटत नाही. धागा ही खरी युक्ती आहे. गोळीसारखं गुंडाळलेलं प्रथिन पाण्यात विरघळून जातं आणि त्याच्या बऱ्याच जागा आत झाकलेल्या राहतात. धागा केला की तो विरघळत नाही, त्याच्या जागा बाहेर येतात आणि त्याला कार्बनवर बसवता येतं.

आमच्या भागात पनीर आणि चक्क्याचे कारखाने आहेत. त्यांचं पाणी वापरता येईल का?

हा प्रश्न महाराष्ट्रातून हमखास येतो आणि त्याचं उत्तर थोडं निराश करणारं आहे. युरोपातलं चीज रेनेट हे दूध गोठवणारं विकर घालून, दूध फारसं न तापवता करतात. त्यामुळे बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन पाण्यात शाबूत राहतं. पनीरसाठी आपण दूध आधी उकळीच्या जवळ नेतो. त्या उष्णतेत व्हेचं बरंचसं प्रथिन केसीनला, म्हणजे दुधातल्या मुख्य प्रथिनाला, चिकटतं आणि पनीरमध्येच जातं. चक्क्याच्या दह्यासाठीही दूध चांगलं तापवलेलं असतं. म्हणून पंच्यातून गळणाऱ्या पाण्यात लॅक्टोज आणि क्षार भरपूर उरतात, पण हवं ते प्रथिन चीजच्या व्हेपेक्षा बरंच कमी असतं.

त्या पाण्याचा प्रश्न मात्र खरा आहे. व्हेचा बीओडी, म्हणजे त्यातली घाण कुजवताना जंतूंना लागणारा प्राणवायू, लिटरमागे ३० ते ५० हजार मिलीग्राम असतो. घरगुती सांडपाण्याचा असतो काहीशे. ते ओढ्यात सोडलं तर ओढ्यातला प्राणवायू संपतो. त्या पाण्याची व्यवस्था लावणं गरजेचंच आहे, पण धातूचा फिल्टर हा त्यासाठीचा पहिला पर्याय नाही. चीज करणाऱ्या मोठ्या डेअरीचं व्हे असेल तर गोष्ट वेगळी. पण त्या डेअऱ्यांच्या व्हेची पावडर होते आणि तिला बाजारात चांगला भाव असतो.

मग शेंगदाणा आणि सूर्यफुलाची पेंड?

याबाबत सिंगापूरच्या नानयांग तंत्रज्ञान विद्यापीठाने ईटीएचबरोबर केलेलं काम वाचण्यासारखं आहे. २०२२ मध्ये त्यांनी शेंगदाणा आणि सूर्यफूल यांचं तेल काढल्यावर उरलेल्या पेंडीतून प्रथिन काढलं, त्याचे तसेच धागे केले आणि कार्बनबरोबर पापुद्रा बनवला. शिसं ९९.८९ टक्क्यांपर्यंत निघालं. त्यांनी असाही अंदाज दिला, की लिटरमागे ४०० मायक्रोग्राम शिसं असलेलं ऑलिंपिक तलावभर पाणी पिण्याच्या मर्यादेत आणायला सूर्यफुलाचं सुमारे १६ किलो प्रथिन लागेल.

हा आकडा ऐकून सोडून देऊ नका, हिशेब करून पाहा. तलावात २५ लाख लिटर पाणी असतं. लिटरमागे ४०० मायक्रोग्राम म्हणजे एकूण शिसं झालं १ किलो. १६ किलो प्रथिनाने १ किलो शिसं धरलं, म्हणजे दर ग्रॅमला साधारण ६२ मिलीग्राम. प्रथिनासाठी हा आकडा चांगला आहे, पण जादूचा नाही. शिवाय हे १६ किलो शुद्ध प्रथिन आहे. सूर्यफुलाच्या पेंडीत प्रथिन साधारण ३० टक्के धरलं आणि ते सगळंच्या सगळं हाती आलं असं मानलं, तरी पेंड लागेल ५० किलोच्या वर.

पण पेंड हा कचरा कुठे आहे? आमच्याकडे ती जनावरं खातात.

बरोबर. या विषयावरच्या पुष्कळ लेखांत पेंडीला सरसकट कचरा म्हटलेलं असतं, ते आपल्याकडे खरं नाही. शेंगदाण्याच्या पेंडीत ४५ टक्क्यांच्या आसपास प्रथिन असतं आणि दुभत्या जनावराच्या मालकाला तिची किंमत विचारा, तो लगेच सांगेल. लातूरकडची सोयाबीनची पेंड तर परदेशीही जाते. अशी पेंड फिल्टरसाठी घ्यायची म्हणजे गोठ्यातल्या गाईशी स्पर्धा करायची. ते करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

मात्र सगळीच पेंड खाऊ घालण्याजोगी नसते. पावसात भिजलेल्या, बुरशी लागलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीत अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होतं आणि ते जनावराच्या दुधातही उतरतं. अशी नाकारलेली पेंड धातू काढायला वापरता येईल का, हा अभ्यासाचा चांगला विषय आहे. अट एकच, की तयार फिल्टरमधून ते विष पाण्यात उतरत नाही हे आधी दाखवावं लागेल.

आपल्याकडे खरोखर वाया जाणारं प्रथिन मग कोणतं?

पिसं आणि लोकर. कोंबडीच्या पिसांत ९० टक्क्यांच्या आसपास केराटिन असतं. चिकनच्या दुकानामागे पडलेली, पोत्यात कुजत असलेली पिसं सगळ्यांनी पाहिली आहेत. केराटिन गंधकाने समृद्ध असतं, आणि मुख्य म्हणजे ते मुळातच पाण्यात विरघळत नाही. व्हेच्या प्रथिनाला जे रूप देण्यासाठी आम्ल आणि तासन्‌तास उष्णता लागते, ते पिसाला निसर्गानेच दिलेलं आहे. धुवायचं, चरबी काढायची, वाळवायचं, दळायचं. एवढ्यावरही ते काही धातू धरतं. मात्र त्यातलं गंधक जोड्या-जोड्यांनी एकमेकांत अडकलेलं असतं. त्या जोड्या सौम्य रसायनाने उघडल्या तर पकड वाढते.

दख्खनी मेंढीच्या लोकरीबद्दल मला विशेष वाटतं. ही लोकर जाड, राठ आणि रंगाने काळसर. घोंगडीची मागणी घटल्यावर धनगरांना तिला गिऱ्हाईक मिळेनासं झालं. कातरणीची मजुरीही निघत नाही म्हणून ती टाकून दिली जाते. लोकरीत सिस्टीन पिसापेक्षाही जास्त असतं आणि लोकर पारा धरते हे रसायनशास्त्राला पूर्वीपासून ठाऊक आहे. कपड्याला नको असलेली जाडी फिल्टरच्या नळीत उपयोगी पडते, कारण जाड धाग्यांमधून पाणी सहज वाहतं. या लोकरीवर मराठवाड्यातल्या किंवा पश्चिम महाराष्ट्रातल्या एखाद्या महाविद्यालयाने नेटाने काम करावं, असं मला मनापासून वाटतं.

याशिवाय केशकर्तनालयातले केस, रेशीम उकळताना कोशातून सुटणारं सेरिसिन हे प्रथिन, माशांचे खवले आणि दारूच्या कारखान्यातली वापरलेली यीस्ट यांचीही चाचणी झालेली आहे.

पेंड किंवा पिसं तशीच पाण्यात टाकली तर?

पेंड टाकू नका. तिचं काही प्रथिन पाण्यात विरघळेल, धरलेला धातू घेऊन तिथेच तरंगत राहील आणि दोन दिवसांत पाणी नासेल. धातू निघाला नाहीच, वर बीओडी वाढला. पिसं विरघळणार नाहीत, पण न धुतलेल्या पिसांवर रक्त, चरबी आणि जंतू असतात.

या पद्धतीने कोणते धातू निघतात आणि कोणते नाहीत?

शिसं, पारा, कॅडमियम, तांबं चांगले निघतात. निकेल आणि जस्त निघतात, पण पकड ढिली असते. सोडियम-पोटॅशियम निघत नाहीत, त्यामुळे खारं पाणी गोडं होणार नाही.

क्रोमियमचा स्वभाव वेगळा आहे. षट्संयुजी क्रोमियम पाण्यात धनभारित नसतं, ते ऋणभारित क्रोमेटच्या रूपात असतं. आम्लधर्मी पाण्यात प्रथिनाचे अमिनो गट धनभारित होतात, तेव्हा ते त्याला ओढतात आणि काही क्रोमियमचं कमी विषारी त्रिसंयुजी रूपही होतं. सामू वाढवला की ही ओढ संपते. शिशाचं नेमकं उलटं: तीव्र आम्लात सगळ्या जागा हायड्रोजनने भरलेल्या असतात, म्हणून शिसं चिकटत नाही. म्हणजे एकाच टाकीत, एकाच सामूवर दोन्ही काढायला गेलात तर एक तरी हातचं जाईल.

विदर्भ-मराठवाड्यातून फ्लोराइडबद्दल खूप विचारणा होते. फ्लोराइड आणि नायट्रेट हे जड धातू नाहीत आणि नुसत्या प्रथिनाने ते निघत नाहीत. झुरिकच्याच गटाने प्रथिनाच्या धाग्यावर झिर्कोनियम ऑक्साइड बसवून फ्लोराइड काढून दाखवलं आहे, पण तिथे काम झिर्कोनियमचं आहे आणि प्रथिन फक्त त्याला आधार देतं.

आमच्या बोअरचं पाणी जड आहे. त्याने फरक पडतो का?

पडतो. दख्खनच्या काळ्या खडकातल्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम मिलीग्रामच्या शेकड्यांत असू शकतं आणि शिसं असलंच तर मायक्रोग्राममध्ये. कार्बॉक्झिल गटांच्या जागा कॅल्शियम अडवून बसतं. गंधकाच्या जागांवर मात्र त्याचं फारसं चालत नाही. म्हणून जड पाण्यासाठी पेंडीपेक्षा केराटिन बरं. प्रयोगशाळेत शुद्ध पाण्यात धातू विरघळवून काढलेले आकडे बोअरच्या पाण्याला जसेच्या तसे लावू नका.

माझं प्लेटिंगचं युनिट आहे. ईटीपीत (सांडपाणी शुद्ध करण्याच्या यंत्रणेत) आम्ही चुना टाकतो. तो बंद करून हे वापरू का?

नाही, चुना चालू ठेवा. क्रोमच्या पाण्यात आधी आम्ल आणि मेटाबायसल्फाइट घालून षट्संयुजीचं त्रिसंयुजी करायचं, मग चुन्याने सामू ८-९ ला नेऊन गाळ बसवायचा, ही रीत शेकड्यांतले मिलीग्राम उतरवण्यासाठी स्वस्त आणि खात्रीची आहे. त्या प्रमाणावर प्रथिनाचं माध्यम, म्हणजे फिल्टरमध्ये भरलेला धातू धरणारा माल, काही तासांत भरून जाईल आणि पैसे पाण्यात जातील.

याची जागा चुन्यानंतर, वाळूच्या फिल्टरच्याही पुढे आहे. गाळ बसल्यावर जे एक-दोन मिलीग्राम रेंगाळतात, ते उतरवायला. भूपृष्ठावरच्या पाण्यात सांडपाणी सोडण्याची सर्वसाधारण मर्यादा लिटरमागे शिशासाठी ०.१ मिलीग्राम, षट्संयुजी क्रोमियमसाठी ०.१ मिलीग्राम आणि पाऱ्यासाठी ०.०१ मिलीग्राम आहे. नुसत्या चुन्याने दर वेळी तिथे पोचता येतंच असं नाही. या शेवटच्या टप्प्यासाठी आज आयन एक्स्चेंज रेझिन, म्हणजे धातूचे आयन धरणारे कृत्रिम मणी, वापरतात. प्रथिनाची खरी स्पर्धा त्या रेझिनशी आहे. तुमच्या संमतिपत्रात काय मर्यादा लिहिल्या आहेत त्या आधी वाचा आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाला कळवल्याशिवाय ईटीपीत बदल करू नका.

हे धागे "अमायलॉइड" आहेत म्हणे. अल्झायमरशी नाव जोडलेलं तेच का?

रचना तीच, प्रथिन वेगळं. अमायलॉइड हे एका प्रकारच्या घट्ट रचलेल्या धाग्याचं नाव आहे. मेंदूत साचणारं प्रथिन आणि दुधातलं प्रथिन दोन्ही तसे धागे करतात. अन्नातल्या प्रथिनांच्या धाग्यांवर पेशींत आणि प्राण्यांत सुरक्षिततेच्या चाचण्या झाल्या आहेत, त्यांत अपाय दिसलेला नाही. तरीही पिण्याच्या पाण्याच्या फिल्टरमधून धागे सुटून येत नाहीत ना, हे तपासायलाच हवं. भीती म्हणून नाही, कोणत्याही फिल्टरला हा नियम लागू आहे.

धातूने भरलेलं माध्यम नंतर खतात टाकता येईल?

अजिबात नाही. माझी सर्वांत जास्त काळजी याच प्रश्नाची आहे. "जैविक आहे, मातीत जिरून जाईल" असं म्हणणारे भेटतात. प्रथिन जिरेल, पण शिसं जिरत नाही. प्रथिन कुजलं की त्याने धरलेलं शिसं मातीत सुटं होईल, तिथून पालेभाजीत आणि मुलांच्या ताटात. पेंड आणि पिसं यांना खत म्हणूनही मागणी असते, त्यामुळे वापरलेलं माध्यम ताज्या मालात मिसळण्याचा धोका खरा आहे. पिंप वेगळं ठेवा, त्यावर ठळक लिहा, कुलूप लावा.

कायद्याने हा घातक कचरा आहे आणि २०१६ च्या नियमांनुसार तो अधिकृत केंद्रातच जायला हवा. तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी इथे अशी केंद्रं आहेत. त्याआधी सौम्य आम्लाने धुतलं तर बराच धातू सुटून येतो आणि माध्यम पुन्हा काही वेळा वापरता येतं. ते आम्लाचं पाणीही धातूने भरलेलं असतं, त्याचीही व्यवस्था लागते. जाळायचं असेल तर तशा भट्टीतच. पारा आणि कॅडमियम उष्णतेने वाफ होऊन हवेत जातात, म्हणून उघड्यावर मुळीच जाळू नका.

याने सोनंही काढता येतं हे खरं का?

खरं आहे. ईटीएचच्या गटाने व्हेच्या प्रथिनाचा स्पंज करून जुन्या संगणकांचे २० मदरबोर्ड आम्लात विरघळवलेल्या द्रावणात बुडवला. सोन्याचे आयन स्पंजला चिकटले, मग तो तापवून सोनं वेगळं केलं. ४५० मिलीग्रामचा, २२ कॅरटचा गोळा निघाला. सराफ कट्ट्यावरची राख-माती धुऊन सोन्याचा कण काढणाऱ्या झारेकऱ्यांना ही चिकाटी नवी नाही. पण घरात किंवा गाळ्यात आम्लाने बोर्ड विरघळवायचा प्रयत्न कुणी करू नये. त्या वाफांनी फुप्फुसं जातात आणि उरलेलं आम्ल गटारात जातं.

घरच्या पाण्यात शिसं असेल तर काय करू? शेवग्याच्या बिया चालतील?

आधी पाण्याची तपासणी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून करून घ्या. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे शिसं ०.०१, कॅडमियम ०.००३ आणि पारा ०.००१ मिलीग्रामच्या वर नसावं. उकळल्याने धातू जात नाही, उलट पाणी आटल्यामुळे त्याचं प्रमाण वाढतं. नीट देखभाल केलेल्या आरओने बराचसा जातो.

शेवग्याच्या बीमध्ये खरोखर एक धनभारित प्रथिन असतं. ते मातीच्या ऋणभारित कणांना एकत्र आणतं आणि गढूळ पाणी निवळतं. माठाला आतून निवळीची बी उगाळून लावायची जुनी रीतही गाळ बसवण्याचीच. पाणी स्वच्छ दिसणं आणि त्यातलं विरघळलेलं शिसं जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शेवग्याच्या बीचं पाणी एका दिवसाहून जास्त ठेवलं तर त्यातल्या सेंद्रिय पदार्थांमुळे तेही नासतं.

एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी हा विषय घ्यायचा आहे. कशावर लक्ष ठेवू?

पहिली गोष्ट, सामू. शिशाच्या द्रावणाचा सामू ६ च्या वर गेला की शिसं हायड्रॉक्साइड होऊन आपणहून खाली बसायला लागतं. विद्यार्थी समजतात की पिसांनी काढलं. म्हणून प्रत्येक सामूवर पिसं न घातलेली एक बाटली शेजारी ठेवा आणि दोन्हींतला फरक लिहा.

दुसरी, टक्केवारीवर भुलू नका. लिटरमागे १०० मिलीग्राम शिसं घेऊन ९५ टक्के काढलं तर प्रबंधात छान दिसतं, पण ५ मिलीग्राम उरतं. ते पिण्याच्या मर्यादेच्या ५०० पट आहे. शेवटी किती उरलं हा आकडा आधी लिहा.

तिसरी, एखाद्या ईटीपीचं खरं पाणी आणा, त्यात कॅल्शियम, तेल, साबण सगळं असू द्या. ढवळलेल्या फ्लास्कबरोबर एक छोटी उभी नळी भरून तिच्यातूनही पाणी वाहवा आणि धातू दुसऱ्या टोकाला पहिल्यांदा कधी दिसतो ते मोजा. आम्लाने धुऊन पाच वेळा तेच माध्यम वापरा. गाळलेल्या पाण्याचा बीओडीही मोजा, कारण माध्यमातून प्रथिन सुटत असेल तर ते तिथेच कळेल. आणि धातू मोजून झाल्यावर उरलेली द्रावणं सिंकमध्ये ओतू नका, विभागाच्या घातक कचऱ्याच्या कॅनमध्ये जमा करा.